पक्का पाय

राजदीप सपकाळेला जळगावच्या एमआयडीसीत 'बिनब्रेक' म्हणत. चटईच्या कारखान्यात अठरा वर्षं मशीनपाशी उभा राहिलेला माणूस, वय बेचाळीस, घरात चौदा वर्षांची पोरगी. आणि याला छंद कसला, तर पोरासोरांची ती बुटकी बीएमएक्स सायकल चालवायची, तीही ब्रेक नसलेली. "घोड्याएवढा झालास, आता तरी शहाणा हो," असं लोक तोंडावर म्हणायचे आणि तो हसायचा. हौसेला मोल नसतं हे सगळ्यांना पाठ असतं. हौसेला वयही नसतं, हे मात्र कोणाला सांगून पटत नाही.

सायकल भंगारातून आणलेली. तिला नव्याने उभी केली नजीरभाईंनी. नजीरभाई म्हणजे मेहरूणच्या रस्त्यावरचे साठीला टेकलेले सायकलवाले, चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढावा तर त्यांनीच. दोघांनी अख्खा उन्हाळा तिच्यावर घातला. सीट खाली घेतली, हँडल उंच केलं, मागच्या चाकाला नेहमीपेक्षा जास्त तारा भरल्या, आणि उभं राहायला चाकांच्या दोन्ही बाजूंना लेथवर करून घेतलेल्या लोखंडी नळ्या बसवल्या. सगळं झाल्यावर राजदीप म्हणाला, "आता ब्रेकचे कान कापा." ब्रेक ज्यांना अडकवतात ते फ्रेमवरचे दोन उंचवटे, त्यांना नजीरभाई कान म्हणत.

"एक दफा कापले की पुन्हा ब्रेक बसणार नाही, भाऊ. सोच लो."

"कापा."

हँडल गरगर फिरवायचं तर ब्रेकची वायर मध्ये येते, हे त्याने सांगितलेलं कारण. न सांगितलेलं असं, की कारखान्यात तो भोंगा झाला की सुरू व्हायचा आणि भोंगा झाला की बंद. सायकल मात्र त्याच्या मर्जीने थांबत होती. थांबवायची रीत एकच. उजवा पाय मागे घ्यायचा आणि बुटाचा तळवा मागच्या टायरवर दाबायचा. पहिल्या वर्षी पाय असा भाजायचा की घरी आल्यावर तो बादलीत पाय सोडून बसे. पण त्या भाजण्यातच सगळी कला होती. किती दाबलं, किती दाबायचं उरलं, हे तळव्यालाच कळायचं. बूट झिजू नयेत म्हणून नजीरभाई त्यांच्या खाली जुन्या टायरचे तुकडे चिकटवून देत.

गेल्या वर्षी पाय भाजायचा थांबला.

मे महिना होता, डांबर पायाला चिकटत होतं, आणि मेहरूण तलावाच्या उतारावर राजदीप तीनदा सुसाट येऊन थांबला तरी तळव्याला काही नाही. तो थेट दुकानात गेला. "नजीरभाई, पाय पक्का झाला!"

नजीरभाईंनी आपला अंगठा पुढे केला. चाळीस वर्षांचा घट्टा होता त्यावर. "हा बघ. गरम तार धरतो, काही लागत नाही. कारागिराचं कातडं असंच पिकतं." मग त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. गुरूने दिलेली शाबासकीच ती. राजदीपचा ऊर भरून आला. आता जाड तळ कशाला, म्हणून त्याने बुटांखालचे तुकडे काढून टाकले. पातळ कॅनव्हासचे बूट घालून तो दर रविवारी सकाळी उतारावर जाऊ लागला, आणि तळव्याचा नसला तरी टायरच्या आवाजाचा अंदाज घेऊन थांबू लागला.

तीन वर्षांपूर्वी कारखान्यातल्या शिबिरात त्याला साखर निघाली होती. गोळ्या आठवल्या तर खायच्या, नाहीतर उद्या. पायांना मुंग्या येतात हेही त्याला ठाऊक होतं. दिवसभर मशीनवर उभं राहिल्यावर कोणाच्या पायांना येत नाहीत? ज्याचं जळतं त्यालाच कळतं, म्हणतात. इथे याचंच जळत होतं आणि यालाच कळत नव्हतं.

एका रविवारी तो मेहरूणहून आला, बूट काढले, चहा घेतला, आंघोळीला गेला. त्याची मुलगी प्राची फरशी पुसत होती. स्वयंपाकघरापासून न्हाणीपर्यंत तिला लाल ठिपके दिसले, एका पावलाच्या अंतराने. आधी तिला वाटलं कुंकू सांडलं, पण त्यांच्या बौद्ध घरात कुंकू नसायचं.

"पप्पा, पायाला काय लागलं?"

"कुठे काय?"

त्याने पाय उलटा करून पाहिला. अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढं भोक होतं आणि मोज्याचा धागा आत रुतला होता. दुखत काहीच नव्हतं. न दुखण्याचीच त्याला भीती वाटली, आयुष्यात पहिल्यांदा.

मग व्हायचं ते झालं. पंधरा दिवस पट्ट्या, मग वास, मग ऑपरेशन. अंगठा गेला, त्याच्या शेजारचं बोट गेलं. धुळ्याहून, देवपुरातून त्याची आई आक्काबाई आली. पोराचा बांधलेला पाय मांडीवर घेऊन म्हातारी बसली आणि एकच बोलली, "तो पाय शे रे भाऊ, बिरेक नही. बठ्ठं घर त्यानावर उभं शे." ज्यावर सगळं घर उभं, तो पाय राजदीपने हळूच तिच्या मांडीवरून काढून घेतला. कारखान्याने त्याला मशीनवरून काढून गेटवर खुर्ची दिली. तिथे बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघत राही.

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. जखम भरल्यावर पहिल्याच आठवड्यात तो लंगडत नजीरभाईंच्या दुकानात पोचला. घरच्यांनी नेऊन दिलेली सायकल तिथेच टांगलेली होती.

नजीरभाईंनी स्टूल पुसून दिलं. ते त्याच्या पायाकडे बघेनात. "मी शाबास म्हटलं तुला," ते म्हणाले. "कान मी कापले, तुकडे काढले तेव्हाही गप मीच बसलो. आता मीच ब्रेक जोडतो. वेल्डिंगने फ्रेम वाकडी झाली तर होऊ दे."

"नको. मग ती माझी सायकल राहणार नाही."

"मग थांबशील कशाने?"

"डाव्या पायाने. सवय होईल."

नजीरभाई संतापले. हातातला पाना त्यांनी पत्र्यावर आपटला. "डावा तरी जिंदा आहे का? आधी डॉक्टरकडून तपासून आण. जिंदा असला तर मी सायकलला हात लावणार नाही, तुझी तू ने. नसला तर ब्रेक लागेल, नाहीतर ती इथेच लटकेल. कबूल?"

"कबूल."

सोमवारी तो साखरेच्या डॉक्टरांकडे गेला. बायको संघमित्रा सोबत होती. तिला हा सौदा ठाऊक होता आणि मुळीच पटलेला नव्हता, तरी ती आली होती. चार महिन्यांत नवऱ्याने पहिल्यांदा दाढी नीट केली होती.

डॉक्टरांनी त्याला तपासायच्या खाटेवर निजवलं, डावा मोजा काढला आणि माशाच्या गळाला असते तसली नायलॉनची बारीक दोरी दाखवली. "ही मी तळव्याला ठिकठिकाणी टेकवणार. डोळे मिटा. कळलं की 'लागलं' म्हणायचं. अंदाजाने नाही हं."

राजदीपने डोळे मिटले. सगळा जीव त्याने डाव्या तळव्यात आणला. आधी काहीच नव्हतं. मग टाचेपाशी काहीतरी झालं, अगदी मुंगी चालावी इतकं. खरंच झालं.

"लागलं," तो म्हणाला.

कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग अंगठ्याखाली, नक्की अंगठ्याखालीच.

"लागलं."

त्याच्या अंगावर आनंदाने काटा आला. डावा शाबूत होता. मेहरूणचा उतार त्याला दिसू लागला, पहिल्या दिवशी किती वेगाने यायचं हेही मनात ठरू लागलं. करंगळीपाशी कळलं. तळव्याच्या मध्ये कळलं. तो आता भराभर सांगू लागला, "लागलं. हे पण लागलं. इथे पण."

त्याच्या खांद्यावर संघमित्राचा हात पडला.

"अहो, पुरे करा," ती म्हणाली. "डॉक्टर केव्हाचे टेबलाशी जाऊन लिहीत बसलेत."