मनकर्णाबाईची बाही

आमच्या पडेगावात मनकर्णाबाईचा दंड कुणी पाहिलेला नाही. भर वैशाखातसुद्धा तिच्या पोलक्याची बाही मनगटापर्यंत. समोरच्या दगडाबाईनं यावर बरेच शोध लावलेत. कधी म्हणे कोड आहे, कधी म्हणे भाजलंय. मला खरं काय ते ठाऊक होतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळी गल्ली जाणते, पण हा एक तीळ भिजून पार फुगला तरी मी बाहेर काढला नाही.

मनकर्णा सोयगावकडची. तिची सोयरीक आधी कारभारीशी नव्हतीच, ती बन्सीशी जमली होती. कुंकू लावायला बन्सीच्या घरची माणसं गेली, आणि जीपमध्ये मागं मिरवायला त्याचे दोन दोस्त, कारभारी आणि मी. साखर वाटून झाली. त्याच आठवड्यात तिच्या गावात गोंदणारीण आली. मनकर्णेच्या आत्याला हौस दांडगी. तिनं एका शाळकरी पोराकडून शाईनं अक्षरं काढून घेतली आणि पोरीच्या दंडावर होणाऱ्या नवऱ्याचं नाव ठळक गोंदवलं. पंधरवड्यात बन्सीचा आजा वारला, घरच्यांनी पोरीचा पायगुण काढला आणि सोयरीक मोडली. कारभारी मात्र कुंकवाच्या दिवशीच घायाळ होऊन आला होता. तो आपला आपण जाऊन मागणी घालून आला.

लग्नानंतर त्यानं एकट्या मला सांगितलं. "दंडावर बन्सी हाय रे तिच्या." वर म्हणाला, "आसू दे. लांब बाहीचं कापड आणून दिलंय."

बन्सीला याचा पत्ता नाही. त्याची बायको आशाबाई पैठणकडची. तिला तर मोडलेली सोयरीकही कुणी कळू दिली नाही. घराला घर लागून, दोघींचे पापड एकाच खाटेवर वाळत आले. अशी मैत्री मी दुसरी पाहिली नाही.

आता जपानचं सांगतो. बन्सी आणि कारभारी दोघांनी टुरिस्ट टॅक्सीतून आयुष्यभर जपानी पाहुणे अजिंठ्याला नेले. त्या लोकांचं वाकून नमस्कार करणं, चपला काढून रांगेत लावणं, गाडीतून उतरताना आपला कचरा आपल्या पिशवीत नेणं, हे बघून दोघं येडे झालेले. एकदा त्यांचं घरदार, त्यांचा चहा, त्यांच्या देवळाची घंटा बघायची, हा कारभारीचा ध्यास. पोरांनी हौस पुरवायचं ठरवलं. पडेगावातनं दोन जोडपी आणि दगडाबाई निघणार होती. यात्रा कंपनीची मेहरुन्निसा, शहरातली चुणचुणीत पोरगी, तयारी करून घ्यायला कारभारीच्या घरी यायची. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी चहाला हजर.

त्या दिवशी बन्सी आणि कारभारी दोन काड्यांनी शेंगदाणे उचलायला शिकत होते. दगडाबाई गुडघे मोडून बसायची कसरत करत विव्हळत होती. मेहरुन्निसा म्हणाली, "काकू, शेवटच्या दिवशी गरम झऱ्याची अंघोळ आहे. सगळ्या बायका एका कुंडात. कपडे बाहेर काढून."

"म्हंजी उनपदेवचं ऊन पान्याचं कुंडच की!" दगडाबाई म्हणाली. "पर तिथं लुगडं तरी आसतं अंगावर."

मनकर्णाबाईचा हात आपोआप बाहीवर गेला. मी कारभारीकडं पाहिलं. त्यानं काड्या खाली ठेवल्या होत्या.

"एक और बात," मेहरुन्निसा बोलून गेली, "गोंदण असलेल्यांना बऱ्याच ठिकाणी कुंडात घेत नाहीत. तिथं गोंदण म्हणजे गुंड लोकांचं काम. कुणाला आहे?"

दगडाबाईनं मनगटावरचा विंचू पुढं केला. आशाबाई हसली. "मी कोरी! सुई बघून बाजारातनं पळाले व्हते." मग वळून म्हणाली, "मनकर्णा, तुला गं?"

"हाय थोडं." मनकर्णाबाईनं बाही आणखी खाली ओढली. "मी न्हाईन खोलीतच."

"कशाला काकू? कातडीच्या रंगाची पट्टी मिळते. किती मोठं आहे दाखवा, त्या मापाची मागवते."

"नको."

"अगं दाव की!" दगडाबाई सरसावली. तिच्या कितीतरी वर्षांच्या शोधाचा आज निकाल लागणार होता.

"तिला नको तर नको," कारभारी म्हणाला, आणि असा म्हणाला की दगडाबाई आणखीच पुढं सरकली.

मनकर्णाबाई उठली. "मी येतच नाय जपानला. तुम्ही जावा."

"येडी का काय तू!" आशाबाईनं तिचा हात धरला. "गडीमानसात लाजतीया. चल आत, मीच बघते अन् माप सांगते."

स्वयंपाकघराचं दार लागलं.

आतून बांगड्या वाजल्या. मग काहीच वाजेना. बन्सी आपला शेंगदाण्याच्या मागं लागलेला. कारभारी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता, जणू त्यात काही लिहिलंय. माझा चहा गार झाला, आणि माझ्यासारख्या चहाबाजानं तो तसाच ठेवला.

दार उघडलं. आशाबाई पुढं, मागं बाही मनगटापर्यंत ओढलेली मनकर्णा.

"काय हाय गं?" दगडाबाईला धीर कुठला. "तुळस का नाव?"

"नाव," आशाबाई म्हणाली.

"बघा! कारभारीभाऊचं नाव दंडावर, अन् मनकर्णा लाजती. घे बघू गं नाव!" मग दगडाबाई स्वतःच म्हणाली, "तिला कसं घेता येईल म्हना, तिचा नवरा. आशा, तुला काय अडचन? तूच वाच. काय लिवलंय?"

आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. आशाबाईनं जन्मात 'बन्सी' हा शब्द उच्चारलेला नाही. दुधवाल्याचं नाव बन्सी म्हणून त्याला 'ओ दूध' म्हणायची. आता ती अडखळली असती तर दगडाबाईनं दोन आणि दोन चार केलेच असते.

आशाबाईनं बन्सीकडं पाहिलं. मग कारभारीकडं पाहिलं.

"कारभारी," ती म्हणाली. "दुसरं काय आसनार?"

कारभारीनं मान खाली घातली. मनकर्णाबाई भिंतीला टेकली. दगडाबाईचं तोंड कारल्यागत झालं.

"मग पट्टी मागवू ना काकू?" मेहरुन्निसानं विचारलं.

"पट्टी नको," आशाबाई म्हणाली. "दोघींपुरतं वेगळं कुंड मिळतंय का?"

"मिळतं की. तिथं गोंदणाचं कुणी विचारत नाही."

"मग ते आम्हा दोघींला ठरवून ठेव." आशाबाई मनकर्णेच्या जवळ गेली. आवाज हलका, पण मी जवळच होतो आणि माझे कान अजून चांगले आहेत. "तिथं मला सगळं सांगायचं. पहिल्यापासनं. पानी गार हुईस्तवर."

"काकू, ते पाणी गार होत नाही," मेहरुन्निसा भाबडेपणानं म्हणाली. "जमिनीतनंच गरम येतं."

"मग तर लईच चांगलं."

आणि ती वळून बन्सीकडं बघतच राहिली. बन्सीला कळेना. त्यानं मोठ्या मिनतवारीनं उचललेला शेंगदाणा काड्यांतून सुटला आणि गडगडत माझ्या पायाशी आला.

"काय झालं गं?" बन्सी म्हणाला.

"काय नाय," आशाबाई म्हणाली. "तुम्ही दाने उचला."