डोळे आलेली मेंढी

दरवर्षी हिराबाई धनगरीण आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला येते. यंदा तिच्या एका मेंढीचे डोळे आले. दोन्ही डोळ्यांतून पाणी गळू लागलं, बुबुळांवर दुधासारखी साय चढली आणि तिला दिसेनासं झालं. जनावरांच्या डॉक्टरांनी मलम दिलं. म्हणाले, "साथीचं आहे. कळपापासून लांब, सावलीत ठेवा. माश्या बसू देऊ नका."

आमचा गोठा रिकामाच होता, म्हणून मेंढी तिथं आली.

"वैनी, दिसंल का हो हिला परत?" मलम घालताना हिराबाई रोज विचारायची. मला तरी कुठं ठाऊक होतं!

मेंढीला मात्र माझी सवय झाली. आवाज ऐकून ती मान वळवायची, माझ्या हातातला लसूणघास खायची आणि हनुवटी माझ्या मांडीवर टेकवून रवंथ करायची. मेंढरू एरवी एवढं जवळ येत नाही. आपल्याला न बघताच कुणी आपलं मानावं, याचं मला फार अप्रूप वाटायचं.

मग एका सकाळी गोठ्यात शिरले, तर साय पार विरलेली. तिनं माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि अशी उधळली, की पाण्याची बादली लवंडून थेट दारात आलेल्या हिराबाईच्या पायांत जाऊन उभी राहिली.

"वैनी, दिसलात की हो तिला!" हिराबाई पदर डोळ्यांना लावून हसत होती.

मला बघून कुणी पळालं म्हणून एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.