रुखवतातला रेघांचा तवा

माझ्या रुखवतात लाडवांच्या ताटाशेजारी आईने एक ग्रिल पॅन मांडला होता. जाड लोखंडी, चौकोनी, आत उभ्या रेघा. कॉलेजात असताना मी मोबाईलवर दाखवून तिला म्हटलं होतं, "मला माझ्या घरी असा हवा." लग्न ठरल्यावर तो घ्यायला ती नांदुऱ्याहून अकोल्याला जाऊन आली.

मेहकरला सासरी आठवड्याभराने दोन चुलत सासवा आल्या. सासूबाईंनी तो पॅन स्वतःच गॅसवर ठेवला.

"तुह्या मायनं हौसेनं देलं, तं आज याच्यावरच भाकर होऊ दे."

ते जमणार नाही हे त्यांना माहीत होतं, आणि मलाही. यावर पनीर भाजतात, कणसं भाजतात, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. मी परातीत पीठ घेतलं.

पहिली भाकर टाकून तिला पाणी लावलं, तर ते कडेने ओघळून रेघांत शिरलं आणि चरचरलं. उलटायला गेले तशी ती रेघांना चिकटून पट्ट्यापट्ट्यांनी तुटली. दुसरीचंही तेच. तिसरी अख्खी निघाली, पण फुगली नाही. नणंदेने ती उचलून सगळ्यांना दाखवली.

"वहिनी, तव्यावर वखर फिरवला काय वं?"

"इंग्लिश शाळेत पट्टीनं रेघा मारा लावत असतीन," एक चुलत सासू म्हणाली.

"काऊन वं," सासूबाई माझ्याकडे वळल्या, "तुह्या मायले एवढंबी समजत नाई?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी हसले. म्हटलं, "आईला नाहीच कळत यातलं काही."

मग हशा मोठा झाला, आणि पहिल्यांदाच मी त्यांच्यातली होते. चौथी भाकर सासूबाईंनी स्वतःच्या तव्यावर टाकू दिली. ती टम्म फुगली.

दिवाळीला आई मला न्यायला आली. पॅन अंगणात होता, कोंबड्यांच्या पाण्याला. पाण्यात गंज उतरला होता. आई चप्पल काढता काढता थांबली.

"आमी नाई टाकला हो, इहीणबाई," सासूबाई म्हणाल्या. "तुमची पोरगीच म्हने, माह्या आईले कळत नाई."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी चहा ठेवायला आत गेले. साखर डब्यातच होती, तरी बराच वेळ शोधली.

एसटीत आई खामगावपर्यंत पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. स्टँडवर गाडी थांबल्यावर हळूच म्हणाली, "मले वाटलं, तूच म्हणाली होतीस, असा पाहिजे म्हणून."

मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "नाही. तू काहीतरी चुकीचं ऐकलं असशील."

"हाव," ती म्हणाली. "मलेच समजलं नसीन."