रुमालाखालचा अभ्यास

सूर्यभान म्हणजे घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातला नावाजलेला दलाल. गाईच्या अंगावर नुसता हात फिरवून तिचं कितवं वेत, म्हणजे ती किती वेळा व्यायली, ते सांगणारा. पण स्वतःची पोर काय शिकते असं कुणी विचारलं, की गडी गडबडायचा. "मानवशास्त्र," म्हणायचा आणि घाईघाईनं विषय बदलायचा. कारण पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हंजी नोकरी कशात लागती?" आता याचं उत्तर त्या बिचाऱ्याला कुठलं ठाऊक!

ज्योती पुण्यात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. पुढं एम.ए. करायचं तिनं पक्कं ठरवलं होतं. परीक्षा संपली की पोरीनं सुप्याच्या एमआयडीसीत एखाद्या कंपनीत चिकटायचं, हे सूर्यभाननंही तितकंच पक्कं ठरवलं होतं. "माणसांचा कसला अभ्यास? बाजारात माणसं काय कमी बघितली म्या?" तिची आई रंगुबाई दोघांच्या मधे भाकरी थापत बसायची आणि कुणाचीच बाजू घ्यायची नाही.

शेवटच्या वर्षी प्रत्येकानं माणसांत वावरून एक अहवाल लिहायचा असतो. ज्योतीनं आपलाच बाजार निवडला. तिथं जनावराचा भाव तोंडानं ठरत नाही. दोघंजण हातांवर रुमाल टाकतात, खाली एकमेकांची बोटं धरतात आणि सौदा होतो. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. तिच्या प्राध्यापिका विजया मॅडम खूश झाल्या. "ही बोटांची पद्धत नीट मांडलीस, तर एम.ए.साठी मी स्वतः शिफारस लिहीन," म्हणाल्या.

ज्योतीनं आधी बापालाच विचारलं. "येडी का काय तू? त्या रुमालाखाली बाईचा हात गेलेला म्या जल्मात पाह्यला न्हाई. आन् ह्ये भाईर सांगायचं नसतंय."

मग ती पुंजारामकडं गेली. हाही दलालच, सूर्यभानचा जुना जोडीदार. "लिव्ह पोरी, लिव्ह!" पुंजारामनं तीन बाजार तिला सगळं सांगितलं, बाकीचे दलाल गंभीर चेहऱ्यानं माना डोलवत राहिले. आकृत्यांसकट वीस पानं झाली.

सोमवारी अहवाल द्यायचा होता. शनिवारी सकाळी ओट्यावर बसून ती आईला वाचून दाखवत होती, आत सूर्यभान जेवत होता. "करंगळी धरली की एक, अंगठा धरला की पाच, मनगट दाबलं की पन्नास..."

आतून जोरात ठसका आला आणि मागोमाग हसू. रंगुबाई तांब्या घेऊन धावली.

"मनगट! अगं, मनगट धरून गडी चहाला वढीत नेत्यात! पुंज्यानं पार मामा बनिवला तुला!"

ज्योतीचं तोंड उतरलं. शिफारस तर गेलीच, पास होण्याचेही वांधे. तिला रडू कोसळलं आणि रडता रडता ती भडकलीही. "हसा आण्णा, सगळे मिळून हसा! सोमवारी हेच देणार मी. वर नाव तुमचंच लागणार आहे, ज्योती सूर्यभान!"

हे मात्र वर्मी लागलं. बाजारात सूर्यभानच्या नावावर खोटा शब्द खपत नव्हता, आणि हे तर छापील कागदावर जाणार! तो ताटावरून उठला, हात धुतला, खांद्यावरचा रुमाल झटकून पोरीसमोर मांडी घातली. "पूस डोळे. हात आन हिकडं."

दुपारपर्यंत तो रुमालाखाली तिची बोटं धरून शिकवत होता. "येक बोट म्हंजी येक, दोन म्हंजी दोन. शंभर का हजार, ते जनावर बघून समजायचं. आन् चेहरा हलू द्यायचा न्हाई, ही खरी इद्या." ज्योती लिहीत होती, मधेच विचारत होती. "कुणाला भाव कमी मिळाला, तर चार लोकांत त्याची मान खाली जाऊ नये, म्हणून असेल का हो हा रुमाल?"

सूर्यभान तिच्याकडं बघतच राहिला. "तीस वर्सं ह्यो रुमाल टाकतोय, पर ह्ये म्या कदी इचारातच घेतलं न्हाई. ह्येच शिकिवत्यात व्हय तुला?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"आन् आजून किती वर्सं शिकायचं म्हन्तीस?"

ज्योतीनं पेन खाली ठेवलं. रुमालाखाली तिनं बापाची दोन बोटं धरली, चेहरा जराही न हलवता. रंगुबाई दारात उभी राहून बघत होती. पहिल्याच बोलीवर सूर्यभाननं आजवर एकही सौदा केला नव्हता.

त्यानं एक बोटही कमी केलं नाही. "दिली," म्हणाला.