ताकातल्या कण्या

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. भूलतज्ज्ञ आहे, राहते चिंचवडला, आणि विश्वास ठेवते फक्त माझ्या छोट्या सोनोग्राफी मशीनवर. पेशंट "उपाशीच आहे हो मॅडम" म्हणतात आणि नातेवाइकांनी गुपचूप चहा-बिस्किट चारलेलं असतं! भूल दिल्यावर ते उलटून फुप्फुसात गेलं तर माणूस हातचा जातो. म्हणून इमर्जन्सीत मी आधी पोटावर मशीन ठेवते. माणसं थापा मारतात, स्क्रीन मारत नाही.

चाकणच्या एका हॉस्पिटलमधली गोष्ट. भर दुपार. कंपनीत प्रेसखाली बोटं चेंगरलेला संतोष आला — लातूरकडचा, इथे एकटाच राहणारा. स्वतःच्या हाताकडे बघायलाही तयार नव्हता.

"मॅडम, मला पूर्ण झोपवा. मला बघवायचं न्हाई."

"बरं बाबा, झोपवते. काही खाल्लंस?"

"काल रातच्यापासून कायबी न्हाई."

"घरात कुणाला भुलीचा त्रास?"

"न्हाई."

दुखण्याच्या इंजेक्शनवर त्याचा जरा डोळा लागला. मी आणि सिस्टर शेजारीच तयारी करत होतो. कुणी आलं नाही, गेलं नाही. मग पोटावर मशीन ठेवलं... तर पोट गच्च भरलेलं!

माझं टाळकंच सटकलं. "अरे, जिवाशी खेळतोस का? काय खाल्लंस, खरं सांग!"

तो रडवेला झाला. "आईशप्पथ न्हाई, मॅडम! आत्ता सपनात तेवढं आई भरवत होती... ताकातल्या कण्या. पुरं म्हणलं तरी सोडंना. म्हणे, खा, न्हाईतर झोपवतील तुला."

"कुठे असते आई?"

"ती कवाच गेली. तापानं."

म्हटलं, बरळतोय. पण झोपवणं रद्द. त्याच मशीनवर काखेतल्या नसा बघितल्या आणि नुसता हात बधिर केला. पठ्ठ्या मान तिकडे करून सिस्टरशी गप्पा मारत होता. ऑपरेशन झक्कास झालं, बोटं वाचली.

बाहेर आणल्यावर त्याला उलटी झाली. ट्रेमध्ये ज्वारीच्या कण्या... ताकाचा आंबूस वास. सिस्टरनंही वाकून बघितलं, कण्याच.

मी खोदून विचारलं, "आईला ताप कसला आला होता रे?"

"पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन होतं. झोपवल्यावर अंग तव्यावानी तापलं म्हणे. उठलीच न्हाई."

अंगावर सर्रकन काटा आला. भुलीच्या काही औषधांनी एखाद्याचं अंग असं पेटतं, आणि तो दोष आईबापाकडून मुलांत येतो. मी त्याला झोपवणार होते, हो! त्याला बजावलं, पुढे कुठेही ऑपरेशन असलं तर आईचं हे आधी सांगायचं.

अपघाताच्या धक्क्यानं पचन थांबतं, आधीचं अन्न पोटात राहतं — हे मला शिकवू नका, मी रोज बघते. पण कालपासून उपाशी पोरगा, आणि कण्या? विश्वास अजूनही माझा स्क्रीनवरच आहे. आणि स्क्रीनवर पोट भरलेलं होतं.