पेशी नव्हत्या, तरी जांभळं

माझी धाकटी, विभावरी, चार वर्षांपासून इथल्या एका प्रयोगशाळेत चांदीचे कण तपासते. साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसत नाहीत, इतके बारीक. भाजलेल्या जखमेच्या पट्टीत ते घालायचे, म्हणून कातडीच्या पेशींना ते मारत नाहीत ना, हे आधी बघायचं. पेशींवर कण टाकायचे, मग पिवळं औषध. पेशी जिवंत असल्या की औषध जांभळं होतं. तिचं नेहमी गडद जांभळं यायचं. शोधनिबंध लिहून तयार होता.

मला बी.एस्सी. होऊन तीस वर्षं झाली. पोळ्या लाटता लाटता विचारलं, "पेशी न घालता, नुसते कण आणि औषध, असं करून पाहिलंस का गं?"

"आई, तू काहून माझ्या कामात नाक खुपसून राहिली? तुझ्या कॉलेजातलं टायट्रेशन नाही हे."

तिसऱ्या दिवशी ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात आली. "झालं जांभळं. पेशी एकही नव्हती."

रंग कणच देत होते. पेशी जगल्या की मेल्या, कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिचे मार्गदर्शक श्यामसुंदर सर म्हणाले, "बेटा, सब यही टेस्ट करते हैं. भेज दो." हिने निबंध पाठवला नाही. शेजारच्या टेबलावरच्या कुंदाचा प्रबंध याच चाचणीवर उभा. "आता माझंही तपासणार का, मॅडम?" एवढंच ती म्हणाली. दोघी दर रविवारी नदीवर, ग्वारीघाटावर फिरायला जायच्या. आता विभा रविवारीही प्रयोगशाळेत असते, एकटी. तिची शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपते. मी विचारलं नसतं तर, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

आता ती जुन्या पद्धतीनं मोजते. मेलेली पेशी निळा रंग आत घेते, जिवंत घेत नाही. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक मोजायची. घरी येते, जेवते, बोलत नाही.

आज बोलली. "अर्ध्याहून जास्त निळ्या, आई. मारतात कण. निबंध आता हेच धरून पुन्हा लिहिते."

"आणि सर?"

"चिडतील." तिनं फोन उचलला. "कुंदाचेही कण हेच आहेत. तिला सांगायला पाहिजे न."

मी गॅस बंद करून तिच्याजवळ बसले. पलीकडे घंटी वाजत राहिली. कुंदानं उचलला नाही. विभानं पुन्हा लावला.