काऊ, ये रे

माझ्या वडिलांचा दहावा मी एका पडक्या चर्चमध्ये केला.

यात बंडखोरी वगैरे काही नव्हती. कोरोनामुळे विमानं बंद होती. बाबा पुण्यात गेले आणि मी इकडे डच मुलखात, आइंडहोवनमध्ये अडकलेला. तिकडे महापालिकेच्या माणसांनीच त्यांना नेलं, आईला धड शेवटचं बघताही आलं नाही. घाटावरही बंदी. आई फोनवर म्हणाली, "तू तिथे पिंड ठेव. कावळा शिवला की मला कळेल, तृप्त होऊन गेले." आता याला नाही कोण म्हणणार?

बाल्कनीत ठेवलेला पहिला पिंड कबुतरांनी फस्त केला. (कबुतर चालत नाही. गुरुजींना विचारून घेतलं.) मग माझ्या बायकोला, मेधाला, जवळच्या खेड्यातलं ते चर्च आठवलं. या मुलखात ख्रिस्ती धर्म नवा होता तेव्हाचं. आता नुसत्या दोन भिंती आणि अर्धा मनोरा, आणि त्यात करड्या मानेचे कावळेच कावळे! इथले लोक त्यांना 'काउ' म्हणतात. म्हणजे आपण लेकरांना भरवताना म्हणतो तोच काऊ की!

सायकलला डबा अडकवून निघालो. एका छान सपाट दगडावर पिंड ठेवला, हात जोडले, तेवढ्यात शेजारची पाटी वाचून मेधा म्हणाली की ती चर्चची वेदी आहे. घाईघाईने पिंड उचलून गवतात ठेवला. येशूची माफी मागितली. आई व्हिडिओ कॉलवर होतीच.

कावळा मनोऱ्यावरून हलेना. रिवाजाप्रमाणे मी वचनं द्यायला लागलो. आईला सांभाळीन. घर विकणार नाही. तुमची स्कूटर भंगारात देणार नाही. (इथे मेधाने कोपर मारलं.) कावळ्याने पाठ फिरवली. मेधा म्हणाली, इथल्या कावळ्याला मराठी कुठून कळणार? माझं डच दुकानापुरतं. हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून मी डचमध्ये म्हणालो, "पिशवी नको, धन्यवाद!"

मेधाला हसू आवरेना. मला रडू आवरेना. बाबांचं काय राहिलंय तेच कळत नव्हतं.

"फोन जरा पिंडाकडे कर," आई अखेर म्हणाली. मी केला. मग तिने रोजच्याच आवाजात हाक मारली, "अहो, जेवून घ्या. भात गार होतोय."

बाबा आयुष्यात कधी आपणहून पानावर बसले नाहीत. तिची हाक येईपर्यंत पेपरात डोकं घालून बसायचे.

कावळा उतरला. पिंडाला चोच लावली, मोठा घास घेतला आणि उडून गेला. आई पदर तोंडाला लावून खूप वेळ रडली. मीही रडलो.

एकुलता एक मुलगा म्हणून मी तिथे होतो खरा. पण बाबा जेवले ते तिच्या शब्दावर, मी आपला नुसता वाढपी.